विलासाच्या चित्रांचा हिशेब

वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहालयात जहांगीरच्या चित्रशाळेतलं, साधारण १६२० सालचं एक चित्र आहे. बादशहा जहांगीर आणि इराणचा शाह अब्बास एकाच आसनावर शेजारी बसले आहेत. पुढ्यात इटालियन घडणीचं मेज, युरोपातून आलेली सुरई, चिनी मातीची भांडी. एका बाजूला अदबीने उभा असलेला जहांगीरचा मेहुणा आसफखान, दुसऱ्या बाजूला त्याचा इराणला गेलेला वकील खान आलम. खान आलमच्या एका हातावर ससाणा आहे आणि दुसऱ्या हातात हरणावर बसलेल्या डायना देवीचं युरोपी कारागिरांनी घडवलेलं यांत्रिक खेळणं. दोन थोर राज्यकर्ते निवांत गप्पा मारत बसलेत, असंच पाहणाऱ्याला वाटावं. पण ही भेट झालीच नाही. जहांगीर आणि शाह अब्बास आयुष्यात एकदाही समोरासमोर आले नाहीत. दोघांमध्ये कंदाहारचा किल्ला सलत होता आणि १६२२ साली शाह अब्बासने तो जिंकून घेतला.

मुघल चित्रांतल्या ऐषारामाचा विषय निघाला की मी सगळ्यात आधी या चित्राकडे बोट दाखवतो. न झालेली मेजवानी कोणी इतक्या बारकाईने का रंगवून घेईल? चित्रकाराने पेल्यावरची नक्षीसुद्धा सोडलेली नाही. उत्तर चित्रातच आहे. जहांगीर यजमान आहे, शाह अब्बास पाहुणा. इटलीची, चीनची वस्तू यजमानाच्या घरी आहे. जगातलं जे जे दुर्मीळ ते माझ्या दारी येतं आणि इराणचा शाहही माझ्याच पंगतीला बसतो, असा दावा त्या मेजावर मांडून ठेवला आहे. आराम हा इथे राजकारणाचा भाग आहे.

आज आपल्याकडे या चित्रांकडे दोन तऱ्हांनी पाहिलं जातं. एका तऱ्हेत ती लग्नपत्रिकांवर, हॉटेलांच्या भिंतींवर, कापडाच्या जाहिरातींत येतात: गच्चीवर चांदणं, हातात गुलाब, मंद हसणारी बेगम. दुसऱ्या तऱ्हेत तीच चित्रं पुरावा म्हणून पुढे केली जातात: बघा, हे असे ऐषारामी, रयतेच्या जिवावर मद्य पिणारे, यांचा इतिहास मुलांना कशाला शिकवायचा? पहिल्याला चित्रातलं सुख हवं आहे, दुसऱ्याला चित्रातलं पाप. पण दोघंही ते चित्र घडलेल्या प्रसंगाचा फोटो असल्यासारखंच पाहतात. माझं म्हणणं असं की ही चित्रं जमाखर्चाच्या वहीसारखी वाचायला हवीत. कोणासाठी काढली, कोणी काढली, खर्च कुठून आला आणि वहीतून काय गाळलं, हे चार प्रश्न प्रत्येक पानाला विचारायचे. आणि ते विचारायला शाळेत शिकवायचं. चित्रं भिंतीवर नुसती टांगून किंवा पुस्तकातून नुसती काढून टाकून हे काम होत नाही.

सुरुवातीपासूनच पाहू. शेरशाहने हुसकावलेला हुमायून १५४४ साली इराणच्या शाह तहमास्पच्या आश्रयाला गेला. पुढे काबूलला परतल्यावर त्याने इराणचे दोन उत्तम चित्रकार, मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद, आपल्याकडे आणवले. राज्य हातात नाही, दिल्ली परत मिळेल की नाही ठाऊक नाही, आणि माणूस चित्रकार गोळा करतोय. साधारण १५५०च्या सुमाराला सुती कापडावर काढलेलं, मीटरभराहून मोठं एक चित्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बागेतला मंडप, वाढपी, खाद्यपदार्थांची तबकं आणि आजूबाजूला बसलेले तैमूरवंशीय राजपुत्र. वरवर बागेतली मेजवानी. पुढे जहांगीरच्या काळात या चित्रावर पुन्हा रंगकाम झालं आणि त्यात अकबर, जहांगीर आणि तरुण खुर्रम, म्हणजे भावी शाहजहान, यांना जागा करून दिली गेली. जहांगीर आणि खुर्रम तर त्या मेजवानीच्या वेळी जन्मलेही नव्हते, तेही पंगतीत येऊन बसले. बागेतल्या पंगतीची अशी वंशावळ झाली. ज्याला हे माहीत नाही तो हे चित्र पाहून फक्त ‘काय थाट होता’ एवढंच म्हणेल.

आता बाग. बाबराला हिंदुस्थानात आल्यावर इथल्या उकाड्याचा, धुळीचा, चांगली खरबुजं नि बर्फ नसल्याचा वैताग आला होता आणि त्याने तो आपल्या आठवणींत लिहूनही ठेवला. त्याआधी अफगाणिस्तानात त्याने ‘बाग-ए-वफा’ नावाची बाग वसवली होती. त्याच्या आठवणींचं अब्दुर्रहीम खानखानानने १५८९ साली फारसीत भाषांतर करून अकबराला सादर केलं, आणि मग त्या प्रतींसाठी चित्रं निघाली. त्यांतलं या बागेचं दोन पानी चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मला मुघल चित्रांतलं हे फार आवडतं, कारण यात बाग तयार झालेली नाही, होते आहे. एकाच्या हातात चौकटी आखलेला नकाशा आहे. दोघांनी मोजणीची दोरी ताणून धरली आहे. फावडी चालली आहेत. पिवळ्या अंगरख्यातला बाबर हात करून सूचना देतो आहे. डाळिंबं नि नारिंगं लगडली आहेत, पण त्यांच्या खाली घाम आहे. आरामाची जागा कष्टाने उभी राहते हे मुघल चित्रकाराला पुरतं ठाऊक होतं आणि ते त्याने लपवलेलं नाही.

हे चित्र बिशनदासने काढलं आणि त्यातले चेहरे नन्हाने रंगवले. हे आपल्याला कळतं ते अकबराच्या चित्रशाळेतल्या कारकुनांमुळे. पानाच्या खालच्या कडेला ते तांबड्या शाईत बारीक अक्षरांत नोंद करत: ‘तरह’ म्हणजे आराखडा कोणाचा, ‘अमल’ म्हणजे रंगकाम कोणाचं, आणि ‘चेहरानामी’ म्हणजे चेहरे कोणाचे. एकेका पानावर दोन-तीन माणसं राबत. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याने ‘ऐन-ए-अकबरी’त लिहिलंय की दारोगे आणि कारकून दर आठवड्याला सगळ्या चित्रकारांचं काम बादशहापुढे ठेवत आणि कामाच्या कसाप्रमाणे बक्षीस किंवा पगारवाढ ठरे. हा सरळसरळ कारखाना होता आणि तिथे त्याला कारखानाच म्हणत. ‘हम्झानामा’ या एका प्रकल्पात कापडावरची सुमारे १४०० मोठी चित्रं झाली आणि त्याला पंधराएक वर्षं लागली. त्यांतली आज दोनशेही उरलेली नाहीत.

अबुल फजलने नामवंत चित्रकारांची जी यादी दिली आहे ती वाचताना माझं लक्ष दरवेळी दसवंतवर थांबतं. पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रं काढत फिरायचा. अकबराच्या नजरेस पडला, अब्दुस्समदच्या हाताखाली शिकला आणि थोड्याच वर्षांत सगळ्यांच्या पुढे गेला. पुढे त्याच्या मनाचा तोल गेला आणि १५८४ साली त्याने स्वतःचा जीव घेतला. यादीत बसावन आहे, केसू, लाल, मुकुंद, माधो, जगन, महेश, खेमकरण, तारा, सांवला, हरिबंस, राम आहेत. ही नावं वाचल्यावर ‘मुघल चित्रकला परक्यांची’ या म्हणण्याचं काय करायचं ते प्रत्येकाने ठरवावं. इराणी उस्तादाने आखलेली रेघ, गुजरात नि ग्वाल्हेरकडून आलेल्या हातांनी भरलेला रंग आणि जेझुइट पाद्र्यांनी आणलेल्या युरोपी छापचित्रांतून उचललेली छाया, असं ते एकेक पान आहे.

रंगांचंही तसंच. निळ्यासाठी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द हा निळा दगड. हिरव्यासाठी तांब्याची खनिजं. सोन्याचा वर्ख खलून केलेली शाई. कागदाचे थर चिकटवून केलेली वसली, ती अकीक दगडाने घासून घासून गुळगुळीत केलेली. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, शेवटी एकाच केसाच्या टोकावर आलेला. बेगमच्या गळ्यातला एकेक मोती रंगाचा उंचवटा देऊन उभा केलेला असतो. त्या मोत्याएवढ्या ठिपक्यासाठी कोणाचे डोळे गेले असतील, हा विचार मनात आल्यावाचून मला ते चित्र पाहता येत नाही.

दरबारातला आराम स्वतःही काम होता. जहांगीरने आपल्या आठवणींत नवरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, नजराण्यांची वर्णनं लिहिली आहेत, ती वाचावीत. कोणी काय दिलं, त्याची किंमत किती झाली, त्यातलं मी किती ठेवून घेतलं आणि किती परत केलं, सगळं रुपयांत. नजराणा वर जायचा, खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, खाली यायची आणि मनसबदार, म्हणजे दर्जाप्रमाणे पगार किंवा जहागीर मिळणारा बादशाही सरदार, मेला की त्याच्या मालमत्तेवर सरकार हात ठेवायचं. किमती वस्तू अशी सतत फिरती असायची आणि तिच्या फिरण्यातून कोण वर चढला, कोण उतरला ते दिसायचं. १६०७ साली काबूलच्या बागेत जहांगीरने सोळा वर्षांच्या खुर्रमची तुला केली. त्याचं चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सोन्याची तागडी, तिच्या एका पारड्यात राजपुत्र, पुढ्यात तबकांमध्ये वस्त्रं, जडावाच्या कट्यारी, दागिने, मागच्या कोनाड्यांत चिनी मातीच्या वस्तू. प्रमुख सरदारांची नावं चित्रात बारीक अक्षरांत लिहिलेली आहेत. तुलेतलं धन गोरगरिबांना वाटायचा रिवाज होता, पण चित्रात गरीब कुठे नाही. चित्रात आहे वारस. पुढचा बादशहा कोण, हे तागडी सांगते आहे.

शिकारीचंही असंच. शिकारीच्या निमित्ताने मुलखात फिरून रयतेची हालहवाल कळते असं अबुल फजल लिहितो. त्यातला खुशामतीचा भाग वजा केला तरी हजारो माणसांचा घेर टाकून जनावरं कोंडायची कमरगा ही लष्करी कवायतच होती. हत्तींच्या झुंजी, पोलो, कबुतरं यांबद्दल लिहायला बसलो तर लेख लांबेल. हुक्क्याबद्दल मात्र एक सांगतो, कारण त्याचा संबंध आपल्या दख्खनशी आहे. तंबाखू अकबराच्या दरबारात १६०४ च्या सुमाराला पोचला तो विजापूरहून. तिथे वकिलीवर गेलेल्या असद बेगने जडावाच्या नळीसकट तो बादशहापुढे ठेवला. हकिमांनी नको म्हटलं. जहांगीरने १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली. आणि तरी पुढच्या शंभर वर्षांत दरबारी चित्रातला माणूस हुक्क्याशिवाय दिसेनासा झाला.

आता खर्चाचा प्रश्न, म्हणजे वहीचं सगळ्यात जड पान.

शाहजहान १६२८ साली गादीवर आला आणि त्याने मयूरासनाचं काम सुरू करवलं. सात वर्षांनी, १६३५ च्या नवरोजला तो त्यावर बसला. त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी हिशेब देतो: ८६ लाखांची रत्नं, १४ लाखांचं सोनं, एकूण एक कोटी रुपये. याच सात वर्षांत, १६३० ते १६३२ मध्ये, गुजरात आणि दख्खनमध्ये तो भयंकर दुष्काळ पडला. शाहजहान तेव्हा खुद्द बऱ्हाणपुरात होता. लाहोरीच लिहितो की भाकरीसाठी लोक स्वतःला विकायला तयार होते, कोणी घ्यायला नव्हतं. बकऱ्याच्या नावाखाली कुत्र्याचं मांस विकलं जात होतं आणि पिठात हाडांची पूड मिसळली जात होती. सुरतेहून आग्र्याला निघालेला पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी वाटेवरची प्रेतं टिपून ठेवतो. देहूत तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली ती याच दुष्काळात. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलं आहे.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. बऱ्हाणपुरात लंगर उघडले. दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस आठवड्यांत एक लाख वाटले. अहमदाबादेत आणखी पन्नास हजार. सुमारे सत्तर लाखांचा महसूल माफ केला, असं लाहोरी नोंदवतो. माफी ही मोठी गोष्ट होती, ती नाकारू नये. पण उपाशी माणसाच्या हातात पडलेली रोख दीड लाख आणि आसनाची एक कोटी, हे दोन आकडे एकाच इतिहासकाराच्या लेखणीतून आलेत आणि ते शेजारी ठेवायलाच हवेत.

त्या इतिहासाची, ‘पादशाहनामा’ची, चित्रित प्रत विंडसरच्या राजवाड्यात आहे. अवधच्या नवाबाकडून ती इंग्लंडच्या राजाकडे १७९९ साली पोचली. तिच्यात ४४ चित्रं आहेत. दरबार, वराती, नजराणे, आतषबाजी, शिकार, लढाया. दौलताबादचा १६३३ चा वेढा आहे, तो मुरार नावाच्या चित्रकाराने काढला आहे आणि किल्ल्याचा तो उभा खडक पाहून मराठी माणूस लगेच ओळखेल. दुष्काळ मात्र एकाही चित्रात नाही. लेखकाने लिहिला, चित्रकाराला सांगितला गेला नाही. दरबारी वैभवाचं चित्र असं गाळण्यातूनही घडतं. हे न सांगता ती चित्रं मुलांना दाखवली तर आपण शाहजहानच्या चित्रशाळेचंच काम पुढे चालवतो.

या वैभवाचा पाया किती अरुंद होता याचाही हिशेब इतिहासकारांनी मांडला आहे. शाहजहानच्या कारकिर्दीत, १६४७ च्या सुमाराला, साम्राज्याच्या एकूण जमेपैकी, म्हणजे ठरवलेल्या महसुलापैकी, ६१ टक्क्यांहून अधिक वाटा फक्त ४४५ मनसबदारांच्या हाती होता. त्यातून त्यांना फौजा पोसाव्या लागत हे खरं. उरलेल्यातून हवेल्या, बागा, जडाव आणि चित्रं. गच्चीवरच्या त्या चांदण्याचा सारा कुठल्यातरी परगण्यातल्या पाटलाने वसूल करून भरलेला होता.

मग चित्रकार फक्त भाट होते का? अजिबात नाही, आणि इथे मला या कलेची बाजू घ्यायची आहे. १६१८ साली इनायतखान नावाचा दरबारी अफू आणि मद्याच्या व्यसनाने मरणाला टेकला. आग्र्याला जायची परवानगी मागायला त्याला पालखीतून आणलं. त्याची ती दशा पाहून जहांगीर हादरला, प्रवासखर्चाला दोन हजार रुपये दिले आणि चित्रकारांना त्याचं चित्र काढायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी इनायतखान गेला. ते चित्र ऑक्सफर्डमध्ये आहे, त्याचं रेखाटन बोस्टनमध्ये. लोडांना टेकलेला हाडांचा सापळा, उघडी छाती, कुठेतरी पलीकडे लागलेली नजर. आजूबाजूला मऊ उशा, सुरया. विलासाची सगळी सामग्री आणि तिच्या मधोमध तिने खाल्लेला माणूस. ज्याने हे चित्र काढवून घेतलं तो स्वतः कधीकाळी रोज वीस पेले कडक मद्य पीत असे आणि ते त्यानेच लिहून ठेवलंय. त्याचे दोन्ही भाऊ दारूनेच गेले. मुराद १५९९ साली दख्खनच्या मोहिमेवर, आपल्या पूर्णा नदीच्या काठी. दानियाल बऱ्हाणपुरात, पहारा असताना बंदुकीच्या नळीतून चोरून आणवलेली दारू पिऊन. दरबाराला आपल्या सुखाची किंमत माहीत होती. क्वचित तो ती चित्रातही येऊ देत असे. अशा चित्रांमुळेच मी या कलेला निव्वळ जाहिरात म्हणायला तयार नाही.

स्त्रियांच्या चित्रांबद्दल मात्र जास्त सावध राहायला हवं. गच्चीवर केस विंचरणाऱ्या, मद्याचा पेला धरलेल्या, झोक्यावरच्या बेगमा पुरुष चित्रकारांनी काढल्या, आणि जनानखान्यात त्यांना जाता येत नव्हतं. म्हणून ते चेहरे बहुतेकदा एकाच साच्याचे. याच घराण्यातली गुलबदन बेगम १५७०च्या दशकात हजला निघाली आणि अनेक वर्षांनी १५८२ मध्ये परतली, आणि भाऊ हुमायूनच्या कारकिर्दीचा वृत्तांत तिने स्वतः लिहिला. नूरजहानच्या नावाची नाणी पडत. अबुल हसनने काढलेल्या, रामपूरच्या रझा ग्रंथालयात असलेल्या चित्रात ती उभी राहून बंदूक भरते आहे. लोडाला टेकलेल्या शंभर अनामिक बेगमांपेक्षा हे एक चित्र जनानखान्याबद्दल जास्त खरं सांगतं. लग्नपत्रिकेवर ते कोणी छापत नाही.

‘विलासाने मुघल बुडाले’ हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलं आहे की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. अठराव्या शतकातला बादशहा मुहम्मदशाह रंगीला, त्याची बागेतली आणि शय्येवरची चित्रं, मग १७३७ साली बाजीरावाची दिल्लीवर धडक आणि १७३९ साली नादिरशाह मयूरासन घेऊन गेला, अशी साखळी जोडली की गोष्ट पूर्ण होते. इंग्रजांना ही गोष्ट फार सोयीची होती: ऐदी पूर्वेकडच्या राजांच्या हातून राज्य काढून कष्टाळू पश्चिमेने चालवायला घेतलं. पण महाराष्ट्राने तरी ही गोष्ट अशी मान्य करू नये. साम्राज्याचा खजिना आणि जहागिरींची व्यवस्था खिळखिळी झाली ती औरंगजेबाच्या पंचवीस वर्षांच्या दख्खनच्या युद्धात, आणि औरंगजेब हा या घराण्यातला चित्रकलेला सर्वांत कमी पोसणारा बादशहा. त्याने दरबारी संगीत थांबवलं, चित्रकार इतर दरबारांकडे पांगले. म्हातारपणीच्या चित्रांत तो कुराण वाचताना दिसतो. खुलताबादेत त्याची कबर त्याच्या इच्छेप्रमाणे साधी आणि उघडी आहे. त्याला अडवलं ते मराठ्यांच्या चिवट लढ्याने. ‘ते ऐषारामी होते म्हणून बुडाले’ म्हणण्यात आपल्याच लोकांच्या पराक्रमाची किंमत कमी होते, हे ते वाक्य फेकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

आता शाळेकडे येतो. एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासात मुघल दरबार आणि त्यांच्या बखरी यांवर एक पूर्ण प्रकरण होतं. हस्तलिखित कसं तयार होतं, चित्र कोण काढतं, दरबारातली बसण्या-उभं राहण्याची जागा काय सांगते, हे त्यात होतं. २०२२ मध्ये अभ्यासाचा भार कमी करण्याच्या कारणाने ते वगळलं गेलं आणि २०२३ ची नवी पुस्तकं त्याशिवाय आली. आपल्या राज्य मंडळाच्या सातवीच्या पुस्तकात २०१७ साली शिवकाळ आणि मराठी सत्ता मध्यभागी आली आणि मुघलांचा भाग बराच आटला. शिवकाळाला मध्यभागी ठेवण्याबद्दल माझी तक्रार नाही. महाराष्ट्राच्या पुस्तकात तो तिथेच असावा. माझी तक्रार बारावीच्या प्रकरणाबद्दल आहे. ते प्रकरण मुघलांचं गुणगान नव्हतं. सत्ता स्वतःचं चित्र कसं रंगवून घेते हे दाखवणारं ते प्रकरण होतं. दरबारी वैभवाला भुलू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी तर ते राखून ठेवायला हवं होतं.

चित्र वाचायची सवय नसली की काय होतं याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. शिवाजी महाराजांचं म्हणून महाराष्ट्रात जे चित्र घरोघरी पूजलं जात होतं ते इब्राहिमखान नावाच्या मुसलमान सरदाराचं होतं. मनुची या इटालियन प्रवाशाच्या ग्रंथातून ते चुकीच्या नावाने पसरलं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांचा माग काढून १९३३ साली महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे ठेवलं. मनुचीच्या संग्रहातलं महाराजांचं घोड्यावरचं चित्रही आपल्याला आज ओळखीचं आहे. ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि ते काढणारा मीर मुहम्मद हा औरंगजेबाच्या मुलाच्या, शाहआलमच्या, पदरचा चित्रकार. घोड्यावरचा राजा आणि सोबत पायी चालणारे सेवक ही सगळी मांडणी मुघल चित्रशाळेची. महाराजांची समकालीन प्रतिमा आपल्यापर्यंत यायला त्या परंपरेचा हात लागला आहे. तिचं व्याकरण समजून घेणं ही मराठी इतिहासाचीही गरज आहे.

संग्रहालयांकडूनही मागणं आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात अकबरकालीन ‘अन्वार-ए-सुहैली’ची पानं आहेत, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात लघुचित्रं आहेत. साधारणपणे आपल्या दालनांत चित्राखालची पाटी ‘दरबार दृश्य, मुघल शैली, १७ वे शतक’ एवढ्यावर थांबते. त्या पाटीवर मराठीत चार ओळी वाढल्या तर चालतील. आराखडा कोणाचा, रंग कोणाचा, निळा कुठून आला, मेजावरचं भांडं कुठल्या देशातलं, आणि त्या साली बाहेर मुलखात काय चाललं होतं. जहांगीरच्या काळात दौलत नावाच्या चित्रकाराने बादशहाच्या आज्ञेने एका पानाच्या कडेला आपल्या सहकाऱ्यांची, बिशनदास, गोवर्धन, मनोहर, अबुल हसन यांची, चित्रं काढून ठेवली आहेत. ते पान तेहरानला आहे. चार शतकांपूर्वी बादशहाला चित्रकारांचे चेहरे जपून ठेवावेसे वाटले, तर आज पाटीवर त्यांची नावं लिहायला अडचण नसावी.

आणि पाठ्यपुस्तक मंडळाने पूर्ण प्रकरण नको तर एक पान द्यावं. डावीकडे मुरारने काढलेला दौलताबादचा वेढा किंवा खुर्रमची तुला, उजवीकडे लाहोरीने लिहिलेलं दुष्काळाचं वर्णन, आणि खाली मुलांना प्रश्न: या चित्रात कोण बसलेलं आहे, कोण उभं आहे, कोणाचं नाव लिहिलं आहे, आणि शेजारच्या मजकुरातली कोणती माणसं चित्रात सापडत नाहीत?